चांदी म्हशीचं दही आणि शालिग्राम डॉक्टर

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की मी हात जोडून काही नावं घेते. आईचं, वडिलांचं, सासू-सासऱ्यांचं. त्यात एक नाव ढोरांच्या डॉक्टरांचं आहे. माझ्या मुली हसतात. म्हणतात, "आई, देवाला वाटत असेल, ही बाई म्हशींच्या वतीने आली." हसू देत. ज्याचे उपकार त्याचं नाव घ्यावं, एवढंच मला कळतं.

शालिग्राम त्यांचं नाव. आडनाव असणारच, पण आमच्या असोदा गावात ते कुणी कधी घेतलं नाही. माणूस धुळ्याकडचा. उंच, किडकिडीत, गळ्यात तुळशीची माळ, सायकलच्या मागे औषधांची लाकडी पेटी. रंगात आले की अहिराणी सुरू. "काय जयं?", म्हणजे काय झालं, असं म्हणत अंगणात शिरले की आमच्याकडची पोरं त्यांची नक्कल करायची, कारण आमच्या गावची बोली वेगळी. ते चिडायचे नाहीत. म्हणायचे, "ढोरेस्ले मन्ही भाषा समजस. तुम्हले समजत नही, त्याले मी काय करू?"

पण गावाच्या मनात त्यांच्याबद्दल एक अढी होती. दवाखाना उघडण्याआधी सकाळी ते जळगाव शहरात खाटीकखान्यात जायचे. कापायच्या आधी बोकड पाहायचे, कापल्यावर काळीज-फुप्फुस चिरून पाहायचे आणि चांगल्या मटणावर शिक्का मारायचे. ते त्यांचं नेमून दिलेलं काम. तरी माळकरी माणूस, आयुष्यात मटण तोंडात घातलं नाही, आणि रोज सकाळी हात त्यातच, हे लोकांना पचायचं नाही. शेजारच्या मंदाबाईंनी तर एकदा तोंडावर विचारलं, "डॉक्टर, माळ घालता आन् खाटकाकडे जाता. देवाले काय सांगाल वर गेल्यावर?"

"सांगेन, देवा, मी खाल्लं नाही. पण खाणाऱ्याच्या पोटात रोग जाऊ दिला नाही."

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, त्या डॉक्टरांना ओट्याच्या पुढे येऊ देत नसत. त्यांच्यासाठी कान तुटलेला एक कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला. डॉक्टरांना ते कळत होतं. चहा झाला की कप स्वतः विसळून पालथा घालायचे आणि "चहा गोड होता माय" म्हणून सायकलवर टांग टाकायचे.

माझं लग्न झालं सदुसष्ट सालच्या वैशाखात. माहेर चोपड्याचं. सातवी झालेली, म्हणून आत्याबाईंना आधीच धास्ती, की शिकलेली सून सोवळंओवळं पाळेल का. घरात दोन म्हशी, मोरी आणि चांदी. मोरीचं दूध जळगावला इंदरचंद शेठच्या हॉटेलात जायचं. चांदीचं, म्हणजे जिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता तिचं, दूध घरात. विरजण लावायचं काम माझ्याकडे आलं. सासूनं सुनेच्या हाती विरजण दिलं म्हणजे घर दिलं, असं आमच्याकडे मानतात. मला त्याचा केवढा आनंद!

ज्येष्ठात एका सकाळी झाकण काढलं तर दही लागलेलंच नाही. दूध जसंच्या तसं, पातळ, हलणारं. मला वाटलं, विरजण कमी पडलं. दुसऱ्या दिवशी जास्त घातलं. तरी तेच. मग आत्याबाईंनी स्वतः लावलं, तर घट्ट, सुरी फिरवावी असं. पुन्हा माझ्याकडे दिलं, पुन्हा पाणी.

"तुह्या हातात काय हाये वं?" त्या म्हणाल्या. मग एक दिवस मला मागच्या दारी नेऊन हळूच विचारलं, "मले खरं सांग. अडचण लपवून दुधाले शिवली त नाही ना तू?"

आमच्याकडे त्या दिवसांत बाईनं बाजूला बसायचं, दुधादह्याला शिवायचं नाही. मी तुळशीवर हात ठेवून सांगितलं, की मी एकदाही लपवलं नाही. त्यांनी ऐकलं, पण पटलं नाही. त्यांचाही दोष म्हणू नये. त्यांचं म्हणणं असं, की इंदरचंद शेठच्या हॉटेलात आपल्याच म्हशीच्या दुधाचं दही लागतं, मग आपल्याच घरात का लागत नाही? रात्री पडल्या पडल्या मी माझेच हात वास घेऊन पाहायची. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "आईचं आईला माहीत." बस, एवढंच.

आषाढ सरत आला. श्रावणात घरात कानबाई देवी बसते. कानबाईचे रोट म्हणजे खानदेशात घरादाराचा मोठा कुळाचार. सगळे भाऊबंद जमतात, विटाळाची सावली चालत नाही. माझी ती पहिली कानबाई. आणि आत्याबाईंनी सासऱ्यांना सांगितलं, "कानबाईच्या आधी हिले चोपड्याले पोचवून द्या. देवीसमोर मी हिले उभी करणार नाही. पुढचं पुढे पाहू."

पहिल्याच कानबाईला सून माहेरी गेली, तर भाऊबंद काय समजायचं ते समजणार. एकदा असं नाव पडलं की पुसत नाही. वडिलांना मी काय तोंड दाखवणार होते? मी ट्रंक भरली. रडले नाही. नुसतं मनुदेवीला म्हणत राहिले, "तुला माहीत आहे ना? मग पुरे."

ट्रंक ओट्यावर आणून ठेवली आणि तेवढ्यात सायकल वाजली. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, डॉक्टरांना बोलावणं धाडलेलं होतं. चांदीच्या कासेला ज्येष्ठात दगडी झाली होती. एक सड सुजून दगडासारखा कडक. तेव्हा डॉक्टरांनी सडात भरायच्या पेनिसिलीनच्या ट्यूबा दिल्या होत्या. उतार पडायचा, पुन्हा सुजायचं. आता तर काही केल्या उतरत नव्हतं.

डॉक्टरांची नजर ट्रंकेवर गेली. "काय जयं? कुठे निघाली पोर?"

आत्याबाईंनी पदर ओढला. परपुरुषाला असलं कोण सांगतं? पण मंदाबाईंच्या पोटात काही राहत नसे. त्या कुडाआडून म्हणाल्या, "तिच्या हातानं दही लागत नाही डॉक्टर! कितीदा झालं. सासू माहेरी धाडून राह्यली."

डॉक्टर पेटी उघडत होते. उघडायचे थांबले. मग विचारलं, "दूध कोणत्या म्हशीचं?"

"चांदीचं," नाना म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतं ना, ट्यूब भरल्यावर तिचं दूध हॉटेलात देऊ नका. आम्ही एक थेंब नाही दिला. कुणाला फसवायचं नाही. सगळं घरीच ठेवलं."

"ट्यूबा पुऱ्या भरल्या?"

"दोन भरल्या, तर सूज उतरली. मग उरलेल्या जपून ठेवल्या. वाया कशाला? पुन्हा सुजलं की अर्धी भरायची, अर्धी कोनाड्यात. संपल्यावर जळगावच्या दुकानातून आणल्या. आज सकाळीही भरली."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. मग उठून आत्याबाईंपासून हातभर लांब उभे राहिले आणि म्हणाले, "माय, एक काम करा. आज दोन भांडी घ्या. एकात मोरीचं दूध, एकात चांदीचं. विरजण एकच. मी शिवत नाही, सूनबाई शिवत नाही. तुम्हीच दूध तापवा, तुम्हीच लावा, तुमच्याच देवघरात ठेवा. सकाळी मी येतो. तोवर पोरीला गाडीत बसवू नका. एवढं ऐका."

संध्याकाळी अंघोळ करून, ओल्या केसांनी, आत्याबाईंनी दोन भांडी लावली. मी ओट्यावर ट्रंकेशेजारी बसून पाहत होते. त्यांनी देवाला हात जोडले, मीही जोडले. दोघींनी काय मागितलं, ते तो जाणे.

सकाळी डॉक्टर आले ते थेट खाटीकखान्यातून. कुडाआड मंदाबाई होत्याच, आणि त्यांच्यामागे आणखी दोघी. आत्याबाईंनी दोन्ही भांडी ओट्यावर आणली. मोरीच्या भांड्याचं झाकण काढलं. दही असं लागलेलं, की भांडं तिरपं केलं तरी हललं नाही. मग चांदीचं. पळी घातली, तर दूध. पातळ पाणी.

आत्याबाई आपल्या हाताकडे पाहत राहिल्या. मी पाहायची ना, तसंच.

नाना खाली मान घालून म्हणाले, "म्हणजे माझंच चुकलं."

"नही नाना," डॉक्टर म्हणाले. बायका ऐकत होत्या, गल्लीतले दोन-तीन बापे येऊन उभे होते, आणि तो सरकारी माणूस भर अंगणात मोठ्यानं म्हणाला, "मन्ही चूक शे. हे औषध दुधात उतरतं. विरजणात जे जिवंत असतं त्याला ते मारतं, मग दही कसं लागेल? मधे ट्यूबा बंद असल्या, तेवढ्या दिवसांत लागायचं. अशा दुधाचं दही लागत नाही, ही हॉटेलवाल्यांची ओरड मला माहीत होती, म्हणून हॉटेलात देऊ नका सांगितलं. तुम्ही इमानानं पाळलं. घरात खाऊ नका हे सांगायचं मला सुचलं नाही. आणि पोरीच्या हाताला बोल लागला. माय, तिच्या हातात काही नाही. म्हशीच्या कासेत होतं. आणि तिथे ते मी घातलं."

आत्याबाईंनी पदर खोचला, ओट्यावरची माझी ट्रंक उचलून डोक्यावर घेतली आणि माजघरात नेऊन ठेवली. आमचे हे धावले, तर त्यांना म्हणाल्या, "हो बाजूले! तू त काल उचलायले आला नाही."

मग नाना म्हणाले, "डॉक्टर, आता चांगली नवी ट्यूब द्या. पुरी भरतो."

"आता ती या सडाला लागणार नाही. कपाशीवर पातळ फवारा मारला तर अळी मरते का?"

"मरत नाही. सवकते. सवय होते तिला."

"तसंच. अर्ध्या अर्ध्या औषधानं रोग सवकला. आता त्याच औषधात तो पोहतो. आणि नाना, हेच औषध माणसालाही देतात. ढोरात सवकलेला रोग उद्या माणसात शिरला, तर डॉक्टर काय देणार?"

त्यांनी दुसरं औषध देऊन पाहिलं, शेकायला सांगितलं, पण चांदीचा तो सड गेलाच. पुढे तिनं तीन सडांवर चार वेतं दिली. धार काढताना नाना त्या सुकलेल्या सडावरून नेहमी हात फिरवायचे.

कानबाई बसली. मी नवं लुगडं नेसून देवीसमोर उभी राहिले. आत्याबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि भाऊबंदांतल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "विरजण आता हिच्याकडेच हाये." दुपारी डॉक्टर गल्लीत कुणाचा तरी बैल पाहायला आले होते. रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य, भाऊबंदांशिवाय कुणाला देत नाहीत, तो नेम. पण आत्याबाई दारात जाऊन म्हणाल्या, "ओट्यावर कायले बसता? आत या." ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि मी लावलेलं मोरीच्या दुधाचं दही, आमच्याच ताटात वाढलं. डॉक्टर जेवून उठले आणि सवयीनं ताट विसळायला निघाले. आत्याबाईंनी ते हातातून काढून घेतलं. "राहू द्या. घरात बाया हायेत." कान तुटलेल्या कपात नंतर कितीतरी दिवस मीठ असायचं.

पुढे माझ्या मुलाचा कान फुटला तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन दिवसांत तो खेळायला लागला, मला वाटलं पुरे झालं. आत्याबाई काठी घेऊन उंबऱ्यात बसल्या. "बठ्ठ्या गोळ्या दे त्याले. कपाशीची अळी विसरली का?" "बठ्ठ्या" म्हणजे सगळ्या. डॉक्टरांचा हा अहिराणी शब्द कधी त्यांच्या तोंडी बसला, त्यांनाही कळलं नाही.

एकाहत्तरच्या सुमारास डॉक्टरांची बदली धुळ्याला झाली. तिकडे पूर्णवेळ मटण तपासायचंच काम. दोन वर्षांनी आम्ही एका लग्नाला धुळ्याला गेलो, तेव्हा मी मडक्यात दही लावून, वर फडकं बांधून, एसटीत मांडीवर धरून नेलं. डॉक्टर भेटले ते खाटीकखान्याच्या बाहेर, कडुलिंबाखाली. केस पिकलेले, माळ तीच. समोर निंबा खाटीक दोन बोकड धरून उभा होता आणि हुज्जत घालत होता.

"बघा वहिनी," निंबा मला म्हणाला, "हे डॉक्टर बोकडाची जन्मपत्रिका मागतात! सुई कधी लावली, कुणी लावली, कशाची लावली. सुई लावलेला बोकड दहा-बारा दिवस कापायचा नाही म्हणे. माझं गिऱ्हाईक थांबतं का?"

"गिऱ्हाईकाच्या घरी लेकरं आहेत," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी तुझ्या मटणातून औषध का खावं? मागे एका घरी मी नीट सांगितलं नाही, तर एका पोरीचा संसार मोडत होता. आता मी समोरच्याला कंटाळा येईपर्यंत सांगतो."

निंबानं कुरकुरत एक बोकड परत फिरवला. डॉक्टरांनी मग माझ्याकडे नीट पाहिलं. ओळख पटली. मी मडकं पुढे केलं आणि वाकून नमस्कार केला. एवढ्या वर्षांत त्यांचे आभार मानायचेच राहून गेले होते.

त्यांनी फडकं सोडलं. दही बघितलं, मडकं थोडं तिरपं केलं. हललं नाही. मग हसून, पण खरंच विचारलं, "सूनबाई, म्हशीला औषध कधी दिलं होतं?"

"यंदा दिलंच नाही."

"मग द्या चमचा," ते म्हणाले, आणि तिथेच लिंबाखाली बसून, निंबालाही अर्धं देऊन, खाल्लं.