गोळीनं कडू झालेलं दूध

बाळंतपणानंतर माझं शरीर म्हणजे गावचावडी झाली होती. कोणीही यावं आणि मत देऊन जावं. बाळ दीड महिन्याचं असताना माझी उजवी छाती सुजून टणक झाली आणि सणकून ताप भरला. डॉक्टरबाईंनी अँटिबायोटिकच्या आणि तापाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "अंगावर पाजणाऱ्या आईला या चालतात. पाजणं थांबवू नका, सुजलेल्या बाजूचं तर मुळीच नाही. दूध साचलं तर पू होईल, मग चिरा द्यावा लागेल."

इतकं सोपं होतं. पण नालवाडीतल्या आमच्या घरात सोपं काही टिकत नाही.

"गोळी तुह्या पोटात अन् कडू पोराच्या तोंडात," सासूबाई म्हणाल्या. "काऊन पाजून राह्यली? बंद कर." सेलूहून आईचा फोन आला, "पाज तू, पण गोळ्या नको घेऊ. ताप काय, उतरते आपोआप." दोघींचं ऐकलं असतं तर ना गोळी, ना दूध. हायस्कुलात विज्ञान शिकवणारा माझा नवरा म्हणाला, "दोन दिवस डब्याचं देऊ न. रिस्क कायले घ्यायची?" आणि याच सासूबाई बाळाच्या सर्दीसाठी मला अडुळशाचा काढा पाजत होत्या, दुधातून त्याला लागतो म्हणून. काढा दुधात उतरला की औषध, गोळी उतरली की विष. डोकं फिरायची वेळ आली होती.

मी कोणाचंच ऐकलं नाही. गोळ्या घेतल्या आणि पाजत राहिले. तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाळानं उजव्या बाजूला तोंड लावलं, चेहरा वाकडा केला आणि मान फिरवून टाहो फोडला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

"सांगत होती मी," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "झालं न दूध कडू?" नवरा दुधाचा डबा आणायला निघालासुद्धा.

खरं सांगते, मीही घाबरले. छाती ठणकत होती, दूध साचत होतं, तो चिरा डोळ्यांपुढे येत होता. आपणच तर याचं दूध नासवलं नाही ना, असं वाटून गेलं.

शेवटी वैतागून थेंबभर दूध पिळून चाखलं. गोड होतं. मग छातीवरून बोट फिरवून जिभेला लावलं, तर तोंड कडूजहर झालं. सूज उतरावी म्हणून सकाळी सासूबाईंनीच तिथे कडुनिंबाचा पाला वाटून बांधला होता आणि मी तो फडक्यानं नुसता पुसला होता.

कोमट पाण्यानं धुतलं आणि बाळ असं लागलं की सोडेचना. सासूबाईंना कडुनिंबाचं सांगितलं. "निंबानं कोणाले काई होत नाई," त्या म्हणाल्या आणि लगेच त्यांनी सेलूला माझ्या आईला फोन लावला. "पिऊन राह्यलं आता पोरगं. उतरला गोळीचा असर." आईलाही ते पटलं.

मला संताप आला. संध्याकाळची गोळी मी मुद्दाम त्यांच्यादेखत घेतली. त्यांनी लगेच माझ्या मांडीवरून बाळ उचललं. मी उठले आणि ते परत घेतलं.