हातांनी दिलेला श्वास

"गिलाँ-बारे सिंड्रोम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. मग त्यांनी सोपं करून सांगितलं. मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नेणाऱ्या नसांवर शरीर स्वतःच हल्ला करतं. आधी पाय जातात, मग हात. पुढे नसा हळूहळू सुधारतात आणि बहुतेक माणसं परत चालायला लागतात.

"मधले दिवस जपायचे," त्या म्हणाल्या. "छातीचे स्नायू गेले तर श्वास थांबतो. तेवढे दिवस बाहेरून श्वास द्यावा लागतो."

"औषध?"

"यावर खास औषध नाही. वेळ जाऊ द्यायचा, आणि त्या वेळात त्यांना जिवंत ठेवायचं."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही वाशीच्या नव्या वसाहतीत राहत होतो. माझे पती दिनकर बेलापूर पट्टीतल्या एका कारखान्यात फिटर होते. घरात मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही, पण लिहायला सोपं जावं म्हणून इथे नावच लिहिते. आम्ही दोघंही मूळचे परभणीकडचे. मी आयटीआयमध्ये नकाशे आखायचा, ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता आणि शिरवणे गावाजवळच्या घरबांधणीच्या साइटवर, प्लॅनिंग विभागात कामाला होते.

दिनकरांना आधी जुलाब झाले. ते बरे झाले, आणि दहाएक दिवसांनी तळपायांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते बसलेच. "पाय ऐकत नाहीत," म्हणाले आणि हसले. मला ते हसू आवडलं नाही. त्याच दुपारी टॅक्सी करून आम्ही खाडीपुलापलीकडे, मुंबईतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे लंबर पंक्चर झालं, म्हणजे पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढतात आणि तपासतात. त्यावरून निदान झालं.

चौथ्या दिवशी त्यांचा आवाज बारीक झाला. पाचव्या दिवशी ट्रॅकिऑस्टॉमी करावी लागली. गळ्याला छोटं भोक पाडून तिथून नळी घालतात, त्याला हे नाव आहे. नळी व्हेंटिलेटरला, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्राला, जोडायची होती. वॉर्डात यंत्रं दोनच होती आणि दोन्हींवर माणसं होती.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात रबराची फुगीर बॅग दिली. नळीला जोडून ती दाबायची, सोडायची. दाबलं की छाती वर येते. मिनिटाला सोळा वेळा, न थांबता.

"किती दिवस?" मी विचारलं.

"यंत्र मोकळं होईपर्यंत. नाहीतर यांचा श्वास परत येईपर्यंत. सांगता येत नाही. माणसं जमवा."

माणसं जमवायला वेळ लागला नाही. रविवारी कारखान्यातले, वसाहतीतले, चेंबूरचे नातेवाईक असे चाळीसजण आले. सगळ्यांना बॅग दाबायची होती. व्हरांडा भरला. वॉर्डच्या सिस्टर ओरडल्या, "बाई, हा वॉर्ड आहे, सभा नाही!" आणि सोमवारी दुपारी बॅगेजवळ फक्त मी आणि माझे दीर होतो. प्रत्येकाला वाटलं होतं, बाकीचे आहेतच. दिरांची बोटं आखडली. ते बॅग मला देताना आमच्या हातांचा गोंधळ झाला, आणि तेवढ्यात दिनकरांचे ओठ काळसर दिसायला लागले. मी घाईने बॅग दाबली, तेव्हा कुठे रंग परत आला.

ते शुद्धीत होते. हे नीट समजून घ्या. या आजारात माणूस हलू शकत नाही, बोलू शकत नाही, पण त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. त्यांचे डोळे माझ्याकडे लागले होते.

त्या क्षणी माझी भीती गेली असं म्हणणार नाही. पण राग आला, स्वतःचाच. साइटवर मी रोज हेच काम करत होते. सिमेंट येणार कधी, स्लॅबचे साचे बांधणारे सेंट्रिंगवाले मोकळे कधी, कोणतं काम अडलं तर सगळंच अडतं, हे सगळं एका मोठ्या कागदावर आखायचं. त्याला बार चार्ट म्हणतात. डावीकडे कामं, वर दिवस, आणि प्रत्येक कामापुढे त्याच्या मुदतीएवढी आडवी पट्टी. बाकीचे त्याला रेघा मारणं म्हणत. मीही तेच समजत होते.

दिरांनी बॅग परत घेतली. मी सिस्टरकडून केसपेपरचे कोरे कागद मागून ते एकमेकांना डकवले आणि तिथेच स्टुलावर तक्ता आखला.

चार-चार तासांच्या सहा पाळ्या. प्रत्येक पाळीला दोन माणसं. एक दाबेल, दुसरा शेजारी बसून छाती वर येते का बघेल, आणि बोटं आखडेपर्यंत वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी हात बदलायचे. एकदा आलेल्या माणसाला मध्ये एक दिवस सुटी. म्हणजे चोवीस नावं लागणार होती. पुढची जोडी अर्धा तास आधी हजर असल्याशिवाय आधीच्या जोडीने उठायचं नाही. रात्रीच्या पाळ्या कारखान्यातल्यांना दिल्या, त्यांना जागण्याची सवय होती.

तक्ता घेऊन मी सिस्टरांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला.

"एका वेळी दोनच?"

"दोनच. बाकीचे घरी."

"हात धुऊन येतील?"

"तेही लिहिते."

"भिंतीवर लावा," त्या म्हणाल्या आणि स्वतःच चिकटपट्टी काढून दिली.

मंगळवारी सकाळी मी रजेसाठी साइटवर गेले आणि तक्त्याची प्रत साहेबांना दाखवली. साठे साहेब आमचे प्लॅनिंग इंजिनियर, कमी बोलणारे. त्यांनी पेन्सिल घेऊन राखीव माणसांच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे काय? सगळ्या पाळ्यांना राखीव तुम्हीच?"

"साहेब, मी तिथेच असणार."

"मग झोपणार कधी? एकच माणूस सगळ्यांचा राखीव असला, तर राखीव कोणी नाहीच. दुसऱ्याच्या कामात ही चूक तुम्ही लगेच पकडली असती."

मला रडू आलं. आजारी माणसाची बायको झोपायचं वेळापत्रक करते, हे बरं दिसत नाही असं मला वाटत होतं. साहेबांनी कागद पुढे सरकवला. मी माझ्या नावापुढे सहा तास झोप लिहिली आणि राखीव म्हणून चेंबूरच्या नातेवाइकांची नावं घातली, कारण ते रुग्णालयापासून जवळ होते.

ऑफिसातून बाहेर पडताना हिराबाईने अडवलं. हिराबाई शिरवण्याची आगरी बाई, साइटवर घमेली वाहायची. आमची ओळख पाणी पिण्यापुरती.

"ताय, माजा नाव लिव," ती म्हणाली.

"हिराबाई, दिवसभर काम करून परत तिकडे येणार?"

"मी रोज घमेली उचलतंय. हातान जोर हाय माजे. पन माना मोजाला येत नाय."

मिनिटाला सोळा मोजायचे होते आणि तिला घड्याळ कळत नव्हतं. तरी तिला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तिला स्वतःच्या छातीवर हात ठेवायला सांगितला. "तुम्ही श्वास घ्याल तेव्हा दाबा, सोडाल तेव्हा सोडा. घाई करू नका." हिराबाई बसली. शांत, एका लयीत, जणू स्वतःच दोघांसाठी श्वास घेत होती. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ लावून पाहिलं आणि मान डोलावली. त्यानंतर नव्या माणसाला आम्ही हिराबाईचीच पद्धत शिकवली.

तीन दिवस तक्ता चालला. चौथ्या दिवशी सकाळी खाडीपुलावर ट्रक उलटला. बारा वाजता येणारी वाशीची जोडी पलीकडे अडकली. हिराबाईबरोबरचा फिटर कारखान्याच्या दुसऱ्या पाळीसाठी ठाण्यावरून वळसा घालून जायला निघालेला. त्याची नोकरी नवी होती, त्याला थांब म्हणणं मला जमेना.

"जा तू," हिराबाई त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मी जात नाय. गारी येल तवा येल."

साइटवर खाडा करून ती सकाळी आठपासून बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि दिरांना चेंबूरला धाडलं. पंधरा मिनिटं ती, पंधरा मिनिटं मी. हात बदलताना आता गोंधळ होत नव्हता, पण बोटं बधिर झाली होती. दिनकर सतत आमच्याकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं, "पूल बंद आहे. चेंबूरहून माणसं निघालीत. मी आहे, हिराबाई आहे." त्यांनी डोळे मिटून उघडले. 'हो' म्हणायची आमची ती खूण होती.

तासाभराने चेंबूरहून दोघं घामाघूम आले, हात धुऊन बसले. हिराबाईने बोटं मोकळी केली, ताठ झालेली मनगटं दाबली आणि विचारलं, "परवा माजी पाली कितीला हाय?"

त्या दिवसानंतर मी तक्त्यात लाल शाईने एक रेघ मारली. पुलापलीकडून, म्हणजे वाशीहून येणारी जोडी असेल, तेव्हा रुग्णालयाच्या बाजूची एक जोडी घरात तयार असायलाच हवी. दुसरी बॅगही उशाशी आणून ठेवली, रबर फाटलं तर म्हणून.

बॅग हातात घेतल्यापासून नवव्या दिवशी एक यंत्र मोकळं झालं. ते कसं मोकळं झालं हे मी विचारलं नाही. त्या यंत्रावरच्या माणसाच्या घरातली बाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

दिनकर सोळा दिवस यंत्रावर होते. मग रोज थोडा थोडा वेळ यंत्र काढून त्यांना स्वतःच्या श्वासावर ठेवत. त्याला वीनिंग म्हणतात. आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास. नळी निघाली तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य कुजबुजीसारखं होतं. "डोळे मिटलेले असले, तरी बॅग कोण दाबतंय ते मला कळायचं." ते थकले होते, पण नावं सांगत राहिले. हा घाई करायचा, तो मध्येच विसरायचा, हिराबाईंच्या पाळीत झोप लागायची.

घरी आल्यावर फिजिओथेरपी, म्हणजे स्नायूंना पुन्हा काम शिकवण्याचे व्यायाम, सात महिने चालली. ते काठीवर चालायला लागले आणि कारखान्याने त्यांना स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं.

त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. करावे गावचा एक मासेमारी करणारा माणूस, तोच आजार, यंत्र नाही. "तुमच्या तक्त्याची माणसं अजून आहेत का?" तोवर माझ्याकडे वहीत एकतीस नावं होती. कोण कुठे राहतो, कोणाला कोणती वेळ जमते, कोण दिलेली वेळ चुकवत नाही. साइट सुटल्यावर मी करावे गावात गेले, त्या माणसाच्या बायकोला घेऊन ओट्यावर बसले आणि आधी तिची झोप लिहिली. ती नको म्हणाली. मी ऐकलं नाही.

घरी तक्ता पुरा करत होते, तेव्हा दिनकर म्हणाले, "माझं नाव घाल."

"तुमच्या हातात अजून जोर नाही."

"दाबणार नाही. शेजारी बसेन. त्याच्याशी बोलेन." मग ते म्हणाले, "सगळे माझ्यासाठी होते, पण किती वाजलेत हे कोणी सांगायचं नाही. दिवस आहे की रात्र, तेसुद्धा कळायचं नाही."

इतक्या महिन्यांत हे मला सुचलं नव्हतं आणि त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत वॉर्डात गेले. मी दारातून बघत होते. त्यांनी स्टूल ओढलं, त्या माणसाला आपला चेहरा दिसेल असे बसले आणि म्हणाले, "दादा, सकाळचे साडेनऊ झालेत. आज गुरुवार. बाहेर ऊन चांगलं पडलंय. आत्ता बॅग दाबतायत ते तुमचे मेव्हणे. मला पण हेच झालं होतं, आणि मी काल बाजारातून भाजी आणली."

त्या माणसाचे डोळे भरून आले. मग त्याने ते मिटून उघडले.

पुढच्या काही वर्षांत अशी बरीच माणसं आमच्याकडे आली. सगळी वाचली नाहीत. जी गेली, त्यांच्याही पाळ्या आम्ही शेवटपर्यंत भरल्या. तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर मदत मागायला लाजू नका. माणसं येतात, मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना फक्त नेमकं सांगा, कधी यायचं आणि काय करायचं. मला एके काळी वाटायचं की मी ऑफिसात नुसत्या रेघा मारते. आता तसं वाटत नाही.