वरून ऑर्डर

आमच्या गल्लीत पाणी सोडणारा महापालिकेचा माणूस कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. सकाळी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून येतो, रस्त्यातल्या व्हॉल्व्हवर वाकतो, चावी फिरवतो आणि चालू लागतो. "अहो, जरा जास्त वेळ सोडा की," म्हटलं, तर जमिनीलाच सांगितल्यासारखं म्हणतो, "वरून ऑर्डर नाही." या वाक्यावर मी कितीदा चिडलोय.

लॉकडाऊनमध्ये माझं खराडीचं ऑफिस घरी, पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत आलं. तेव्हाच एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी त्याला वरून ओरडून सांगितलेलं ऐकलं, "दुपारी वॉर्डातून येते तेव्हा नळाला थेंब नसतो हो. अंघोळ केल्याशिवाय लेकीला जवळ कशी घेऊ?" तो खालीच बघत होता. चावी खांद्यावर टाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी चावीचा खणखणाट झाला. मग रोजच होऊ लागला. वरती बादली भरायची, मागोमाग लेकीचं हसू ऐकू यायचं.

शेवटी मी गॅलरीतून विचारलंच, "काय हो, आली वाटतं ऑर्डर?"

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. माझ्याकडे नाही, तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्या गणवेशाकडे बघितलं.

"आली की. वरूनच."