माणसांत आहात का?

ती चार पानांची प्रश्नावली मी दीड वर्ष पिशवीतून वागवली. वर छापलं होतं, ‘सामाजिक समावेशन मोजणी’. हे शब्द उच्चारले की समोरचा माणूस नोटीस आल्यासारखा सावरून बसायचा. म्हणून मी सरळ सांगायची, “तुम्ही माणसांत आहात का, ते विचारायला आलेय.” मुळशीतल्या ज्यांच्यावर मनाच्या आजाराचे किंवा व्यसनाचे उपचार चालू होते, त्यांच्या घरी वर्षात तीनदा जायचं, तेच प्रश्न विचारायचे आणि गुण मांडायचे, असं काम होतं. माझी पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखणारे. नेऱ्यापासून ताम्हिणीपर्यंत एसटी, रिक्षा, मिळेल त्यानं फिरायची. घरी आल्यावर कुणाशी बोलायची इच्छा उरायची नाही.

उरवड्यात एक जण होते. दारूपायी कंपनीतलं काम गेलेलं, उपचार नुकते सुरू झालेले, पिणं अजून चालूच. पहिल्यांदा गेले तेव्हा खाटेवर बसून त्यांनी भराभरा उत्तरं दिली.

“गेल्या महिन्यात तुम्हाला भेटायला घरी कोण आलं?”

“रोजच येत्यात की. सकाळी सातलाच हाका मारत्यात.”

“अडचणीला धावून येईल असं कुणी आहे?”

“धा जण हायेत. पडलो की उचलून घरी आनून टाकत्यात, ते काय मग?”

त्यांची बायको मागच्या दाराशी भांडी घासत होती. ती हसली, पण आवाज आला नाही. माझ्या पिशवीतल्या सगळ्या कागदांत त्यांचे गुण वरचे होते.

सहा महिन्यांनी परत गेले. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा, उंबऱ्यात बसून लसूण सोलत होते. चार महिने थेंब घेतला नव्हता. मी तेच प्रश्न काढले. भेटायला कोण आलं? कोणी नाही. गावातल्या कार्यक्रमाला बोलावलं?

“न्हाई. पिऊन आला तर तमाशा करंल म्हनत्यात. न पिता गेलो तर म्हनत्यात, हा कोन मोठा साधू लागून गेला.”

बायको म्हणाली, “ताई, पयलं दारात चपलांचा ढीग असायचा. आता न्हाई. मला लई बरं वाटतंय. पन यांना दिवस जात न्हाई.”

गुण घसरले. ऑफिसातून सरांचा फोन आला. “ताई, फॉर्म अदलाबदल झालेत का? पिणं थांबलं आणि गुण खाली?”

“बरोबर आहेत, सर.”

“एकदा परत विचारून बघा ना.”

मी गेले नाही. काय नवीन विचारणार होते?

तिसऱ्यांदा गेले ते ऐन उन्हाळ्यात. नेऱ्याला त्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. त्यांना पत्रिका आली होती, म्हणून ते गेले होते.

“खुर्चीवर बसलो. शेजारी कोन बसंना,” ते सांगू लागले. “चुलतभावानं त्याच्या मेव्हन्याला माझ्या मागं लावून दिलेलं. लघवीला गेलो तरी मागं. दोघं जन गळ्यात पडाया आले. मला वाटलं, मायेनं आले. तर तोंडाचा वास घेत हुते.”

“जेवले बी न्हाईत,” बायको म्हणाली. “घरी येऊन भाकरी खाल्ली.”

“प्यावंसं वाटलं?” मी विचारलं. हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

“लई वाटलं. न्हाई प्यालो.”

मांडीवर कागद उघडा होता. गेल्या तीन महिन्यांत कौटुंबिक समारंभाला गेलात का? हो किंवा नाही, दोनच चौकोन. मी ‘हो’वर खूण केली. नंतरचा प्रश्न भेटायला कोण आलं, हा. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“तुमी आलात की.”

“भाऊ, मला धरता येत नाही. ऑफिसनं तसं लिहून दिलंय.”

“का? तुमी मानूस न्हाई व्हय?”

बायकोनं चहा आणला. मी चहा प्यायले आणि त्या जागी शून्य लिहिलं.

लग्नाच्या खुणेनं गुण वर गेले. सर खूश झाले. रेघ आधी उतरलेली, मग चढलेली. “बघा, माणूस परत समाजात आला.” मी त्यांना वास घेणाऱ्यांचं सांगितलं. सर वाईट नव्हते, त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, हे कुठं बसवायचं?” मलाही ते माहीत नव्हतं. पुढं काम संपलं आणि उरलेले कोरे फॉर्म मी परत दिले.

गेल्या पावसाळ्यात पिरंगुटला औषधाच्या दुकानात त्यांची बायको भेटली. एका कंपनीत पॅकिंगला जाते. ते रोपवाटिकेत लागलेत, म्हणाली, रोपांना पाणी घालायला. तिथं बिहारचा एक कामगार आहे, दुपारी दोघं एकत्र डबा खातात.

“यांना हिंदी येत न्हाई, त्याला मराठी न्हाई. तरी बसत्यात. त्याला मागचं कायच म्हाईत न्हाई ना, ताई.”

तिनं सुटे पैसे पदरात बांधले. “या की एकदा घरी. आता कागद नसंल तुमच्याकडं.”

येते म्हणाले. अजून गेलेले नाही.