आरशातलं भोक

आमच्या घरातल्या आरशाला बरोबर मधोमध एक भोक आहे, आणि ते मी पूर्ण शुद्धीवर असताना, चष्मा लावून पाडलेलं आहे.

आरसा माझा नव्हे, बायकोचा. सिंधूला लग्नात तिच्या आजीने दिलेला. तळहाताएवढा, जाड काचेचा, वर टांगायला पितळी कडी. ती रोज त्यात पाहून कुंकू लावायची. आता भोक नेमकं कुंकवाच्या जागी येतं. (हा योगायोग! मी मोजूनच पाडलं होतं, पण मोजला आरसा. कपाळ मोजायचं राहून गेलं.)

ऐंशी साल उजाडायचं होतं. मी लाखनीजवळच्या एका खेड्यात शाळेवर गुरुजी होतो आणि नुकताच बालवीर पथकाच्या शिक्षकांसाठीचं दहा दिवसांचं शिबिर करून आलो होतो. दहा दिवसांत माणूस काय शिकतो? गाठी मारायला शिकतो. (सोडवायला पुढच्या शिबिरात शिकवतात.) पण तिथले सर एक गोष्ट बोलले ती माझ्या डोक्यात घट्ट बसली. "जंगलात वाट चुकली तर ओरडू नका. घसा बसतो. आरसा चमकवा. आरशाचा घसा बसत नाही, आणि ऊन असलं तर चमक दोन कोसांवरून दिसते." हे ऐकल्यापासून कधी एकदा वाट चुकतो असं मला होऊन गेलं!

पण आधी आरसा तर हवा. लाखनीला हमरस्त्यावर रामभाऊंचं दुकान होतं. तिथे गेलो.

"रामभाऊ, आरसा दाखवा."

"कायले पाह्यजे गुरुजी? दाढीले?"

"नाही. संकटाले."

"म्हंजे सासुरवाडीले जाऊन राहिले का?"

रामभाऊंनी आधी दाढीचा गोल आरसा काढला. त्यात माझं नाक वांग्याएवढं दिसलं. तोंड मोठं दाखवणारा आरसा उजेड धड एका जागी फेकत नाही, हे मला शिबिरामुळे माहीत होतं, तो बाद. मग मी स्टीलच्या डब्याचं झाकण उन्हात धरून पाहिलं. फुटायची भीती नाही, पण उजेड शिळ्या भातासारखा फिका. शेवटी एक सपाट, जाड काचेचा चौकोनी आरसा निघाला. हाच तो! चाचणी घ्यायला मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि समोरच्या पानठेल्याच्या पाटीवर नेम धरला.

नेम फक्त हातभर चुकला. त्या हातभरात एक ट्रक येत होता.

ट्रक नागासारखा वळवळला आणि टरबुजांच्या ढिगाच्या बोटभर अलीकडे थांबला. सहा फुटी ड्रायव्हर खाली उतरला. "कौन है बे? आँख में सूरज किसने डाला?"

शिबिरात कमावलेलं सगळं धैर्य एकवटून मी मिठाच्या पोत्यांमागे जाऊन बसलो. रामभाऊ वाकून हळूच म्हणाले, "गुरुजी, संकट आलं जी. आता चमकवा!"

आरसा तिथेच राहिला, पण मी एक धडा घेऊन आलो. नेम धरायला आरशाच्या मधोमध भोक पाहिजे. भोकातून पलीकडचं ठिकाण पाहायचं आणि उजेड तिथेच टाकायचा. आणि सपाट, जाड काचेचा, खिशात मावणारा आरसा तर आमच्या घरातच होता! माझा मेहुणा वामन, म्हणजे सिंधूचा धाकटा भाऊ, याच्या हळदीला आम्ही सासुरवाडीला गेलो, तेव्हा आरसाही सिंधूच्या पिशवीतून आला. बायका हळदीत गुंतल्या होत्या. मी गोठ्यामागे बसून आरशाचा मागचा पत्रा खिळ्याने टोचला आणि कंपासच्या टोकाने पारा खरवडला. टिकलीएवढा खरवडायचा होता. हात सरकला आणि चार आण्याच्या नाण्याएवढा गेला. असो. भोक मोठं, तर दिसणारही जास्त!

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वामनच्या साखरपुड्याला नवरीचे वडील डोमाजी यांनी सगळ्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी दिली. टोपी एक कमी पडली, आणि तो एक मी होतो. मला त्याचं काहीच वाटलं नाही. पण नेमकी त्याच दिवशी माझी दाढ ठणकत होती, म्हणून मी लाडू खाल्ला नाही, चहा घेतला नाही, आणि कोणाशी बोललोही नाही. आता, नवरदेवाच्या घरचा मोठा जावई टोपीविना राहतो आणि लाडवाला हात न लावता उठतो, याचा आमच्या भागात एकच अर्थ होतो. जावई रुसला! आणि जावई रुसला की त्याला वाजतगाजत, नारळ-टोपी घेऊन मनवायला जावं लागतं. तो हसेपर्यंत अक्षता पडत नाहीत. डोमाजींनी त्या दिवसापासून धसका घेतला होता. मला मात्र फक्त दाढ आठवत होती.

लग्न नवरीच्या गावी, सानगडीच्या पुढे. मुहूर्त गोरज. दुपारी वरातीचा ट्रक सडकेने निघाला, तेव्हा मी पुढे झालो. "नवरदेव ट्रकमधे गेला तर धुळीनं नवरी त्याले वळखणार नाही. मी त्याले दमणीतून जंगलाच्या वाटेनं आणतो. लवकर पोचू." (दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी.)

सिंधू ट्रकमधूनच म्हणाली, "दमणी कोन हाकन?"

"मी."

"अन् वाट कोन दाखवन?"

"मी."

"वामन्या, तुले लगन कराचं असन तं ट्रकात बस!"

पण वामन पाढे माझ्याजवळ शिकलेला. त्याचा माझ्यावर विश्वास. (पाढे त्याला अजून येत नाहीत, ही गोष्ट वेगळी.) तो दमणीत चढला. ट्रक हलता हलता सिंधूचा आवाज आला, "माहा आरसा पाह्यला का जी कोनं? सकाळपासून ढुंढून राहिली!"

"बैल बुजतेत, वरडू नको!" म्हणत मी दमणी हाकली. आरसा माझ्या खिशात होता.

तासभर छान गेला. मोहाच्या झाडांतून वाट, बैल शहाणे, वामन गालात हसतोय. सानगडीच्या बाजारात त्याने नवरीला आधी दोनदा पाहिलं होतं. कांदे घ्यायला म्हणून गेला आणि दोन्ही वेळा कांदे तिथेच विसरून आला, असं त्याने मला लाजत सांगितलं. मला त्याचं इतकं कौतुक वाटलं की मी त्याला आरसा दाखवायला काढला. "हे पाय वामन, असा धराचा..."

उजेड डाव्या बैलाच्या डोळ्यात गेला.

त्यानंतर वाट आमची राहिली नाही, बैलाची झाली. झुडपं, दगड, वारूळ, सगळ्यांवरून दमणी उडत गेली आणि एका कोरड्या नाल्यात बसली. कडाड! चाकांचा आख मोडला. बैल जुंपणी तोडून पळाले. वामनची मुंडावळी कानात अडकली होती. माझा चष्मा शाबूत होता आणि आरसाही. दैव असं माणसाच्या मागे उभं राहतं!

"भाऊजी, कुठं आलो आपून?"

"जंगलात," मी सांगितलं. ते बरोबरच होतं.

आम्ही टेकडीवर चढलो. खाली भला मोठा तलाव, आणि तलावापलीकडे गाव. मंडप दिसत होता, पताका दिसत होत्या, भाताच्या हंड्यांचा धूर दिसत होता. मधे मात्र पाणी, आणि पाण्याभोवती उन्हाळ्यात मागे सरकलेला काळा, ढोपरभर गाळ. वाट कुठेच दिसेना. सूर्य दोन बांबू वर.

वामनचा आवाज रडका झाला. "भाऊजी, मुहूर्त टळला तं पोरगी जाते जी माही! तिचा आतेभाऊ नवा सदरा घालून मंडपातच बसला असन. मानसं म्हनतीन, नवरदेव नाई तं नाई, हा हाय ना!"

"वामन, रडू नको. ह्याच दिवसासाठी मी शिबिर केलं!"

मी भोकाला डोळा लावला, मंडपावर नेम धरला आणि आरसा हलवला. तीन चमका, थांबा. तीन चमका, थांबा. शिबिरात हीच संकटाची खूण शिकवली होती. आणि खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा माझा नेम लागला!

पलीकडे काय झालं ते मला नंतर कळलं. पहिली चमक आचाऱ्याच्या डोळ्यात गेली आणि त्याने वरणात मिठाचा दुसरा हात टाकला. दुसरी भटजींच्या पंचांगावर. तिसरी थेट डोमाजींच्या तोंडावर. कोणीतरी डोळ्यांवर हाताची सावली धरून पाहिलं आणि ओरडलं, "अरे, ते तं जावईबापू व्हय! टेकडीवर बसले! अन् नवरदेवालेही घेऊन बसले!"

डोमाजी मटकन खाली बसले. "गेलं! टोपीचं ध्यानात ठेवलं त्यायनं! माह्या पोरीचं लगन टोपीपाई अडलं रे बापा!"

इकडे आम्ही दोर, बैल, फार तर एखादी खाट घेऊन माणसं येतील म्हणून वाट पाहत होतो. अर्धा तास झाला असेल, मागून सनई-डफड्याचा आवाज आला. मागून! आमच्या पाठीमागे पन्नास पावलांवर, आंब्यांच्या आड, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, येणारा चांगला गाडीरस्ता होता. (मी टेकडीवरून पुढे पाहिलं होतं. मागे पाहायचं शिबिरात सांगितलं नव्हतं.) आधी वाजंत्री, मग नारळाचं ताट, मग नवं धोतर, टॉवेल आणि टोप्या, मग हात जोडलेले डोमाजी. सगळ्यांच्या मागे, पदर खोचून, सिंधू.

"जावईबापू, आमचं चुकलं," डोमाजी म्हणाले. "एकाच्या जागी दोन टोप्या आनल्या. राग सोडा जी!"

"अहो, मी रुसलो नाही! आमची दमणी मोडली!"

"पाय, अजूनही रागातच हायेत," एक म्हातारा म्हणाला. "रुसलेला जावई कधी हो म्हनते का?"

"काका, खरंच जी, दमणी नाल्यात पडून हाय!" वामन कळवळून म्हणाला.

"बिचारा नवरदेव," तोच म्हातारा म्हणाला. "कसा भाटव्याची बाजू घेऊन राहिला! बरं, रुसले नाई तं आरसा कायले चमकवला?" (भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा, अर्थात मी.)

"मदतीसाठी! ती संकटाची खूण आहे. तीन चमका म्हणजे..."

"तीन?" डोमाजी दचकून मागे वळले. "पाहा, मी म्हनलं नव्हतं! तीन टोप्या पाह्यजेत त्यायले! अरे, कोनी आपली उतरवा रे!"

वाजंत्र्यांनी आणखी जोरात वाजवायला घेतलं. सूर्य एक बांबू वर. मी शाळेत नापास मुलाला समजवावं तसं समजावत होतो, आणि जितकं समजावावं तितके नारळ वाढत होते. वामन माझ्या कानाशी आला. त्याच्या डोळ्यांत पाणी. "भाऊजी, तुमच्या पाया पडतो. रुसून घ्या ना जी!"

काय करणार? आयुष्यात मी कशावरही रुसलो नव्हतो. पण त्या टेकडीवर, सनईच्या साक्षीने, मी मान खाली घातली आणि म्हणालो, "हो. टोपीसाठी रुसलो होतो."

एकच आनंद झाला! डोमाजींनी मला मिठी मारली. टोपी घातली, तिच्यावर दुसरी घातली, आणि म्हाताऱ्याने आपली तेलकट टोपी उतरवून तिसरी घातली. मोठी असल्यामुळे ती माझ्या डोळ्यांवर आली, आणि पुढची सगळी वाट मी काहीही न दिसता, पण सन्मानाने चाललो. गाई गावात शिरत असताना वामन अंतरपाटासमोर उभा होता. अक्षता पडल्या. आतेभाऊ नव्या सदऱ्यात पंगत वाढत होता. (वरण खारट होतं. मी काही बोललो नाही. पुन्हा रुसलो म्हणाले असते.)

आज इतक्या वर्षांनीही पाहुण्यांत कुठे लग्न निघालं की आधी माझ्या घरी टोपी येते, मग पत्रिका.

आणि सिंधू? टेकडीवर तिने सगळ्यांदेखत माझ्या हातातला आरसा काढून घेतला, तोंडासमोर धरला, आणि जिथे कुंकू दिसायला हवं तिथून तिला पलीकडचा मी दिसलो. त्या दिवशी ती फक्त "घरी चाला" म्हणाली. पुढे चार दिवस तेही नाही. पाचव्या दिवशी तिने आरसा पुन्हा खुंटीला टांगला. मी दाढी करायला त्यासमोर उभा राहिलो, तर भोक माझ्याही कपाळावर आलं. मी पडेल आवाजात म्हणालो, "अगं, नवा आणू का? ह्यात कपाळच दिसत नाही."

चुलीपासून न उठता ती म्हणाली, "राहू द्या जी. माह्या आजीचा आरसा कधी खोटं दाखवत नाई. तुमची अक्कल पाह्याले गेलं तं तेथं भोकच दिसन!"