धोंडीची बेडकी

आमच्या गावात मला आता बरेच जण बेडकीवाली म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण त्यात राग नसतो. गाव नवेगाव बांधच्या जवळ. आमची थोडी धानाची शेती आहे आणि घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पोरगी एवढी शिकून बेडूक पकडते, हे घरच्यांच्या गळी उतरवणं मला कधी नीट जमलं नाही.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी दोन ठिकाणचे बेडूक पाहत होते. काही आमच्या धानाच्या बांध्यांच्या कडेचे, काही कोहमाऱ्याजवळ महामार्गाला लागून असलेल्या खड्ड्यांतले. तिथे ट्रकांची घरघर कधी थांबत नाही. प्रकल्प पाहणाऱ्या कॉलेजातल्या मॅडमनी रीतसर परवानगी काढली होती. बेडूक ओल्या हातांनी धरायचा, रक्ताचा एक थेंब काचेवर घ्यायचा आणि जिथून धरला तिथेच सोडायचा. मग काच रंगवून मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या पेशी पाहायच्या.

जीव घाबरला की अंगात एक हार्मोन वाढतं. थोड्या वेळापुरतं वाढलं तर ते उपयोगीच, कारण त्यानं पळायला बळ येतं. पण ते खाली आलंच नाही, तर रोगाशी लढणाऱ्या काही पेशी रक्तात कमी दिसू लागतात आणि बेडकाला आजार लवकर धरतो. मॅडम हे इंग्रजीत सांगायच्या. गोंदियातल्या मैत्रिणी त्यावर हिंदीत बोलायच्या. मी मनात त्याचं मराठी करून घ्यायचे. पण आमच्या घरच्या बोलीत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगता येईल असं वाटतच नव्हतं.

त्या वर्षी धानाच्या लावणीचा रोवणा अर्ध्यावर आला आणि पाऊस थांबला. लावायला ठेवलेले परे पिवळे पडायला लागले. मग बायकांनी धोंडी काढायचं ठरवलं. आमच्याकडे धोंडी म्हणजे एक बेडकी मुसळाला बांधायची, त्यावर कडुनिंबाचा पाला लावायचा आणि गाणी म्हणत घरोघरी न्यायची. प्रत्येक घरची बाई तिच्यावर पाणी ओतते. लहान असताना मीही त्या मिरवणुकीत नाचले आहे.

सकाळी मोठीमाय, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, चारपाच बायकांना घेऊन आमच्या अंगणात आली. घरात तिचा शब्द चालतो. मला पुढे शिकू द्यायचं की नाही, हेही त्याच दिवसांत तिच्याच शब्दावर अडून होतं.

"काय करून राहिली वो? एक बेडकी आनून दे," ती म्हणाली. "आता तर तू त्यातली मास्तरीन हायेस."

नाही म्हटलं तर शिकून देवाला विसरली असं होणार, आणि माझं शिक्षण तिथेच थांबणार. हो म्हटलं तर ज्या गोष्टीवर मी वर्षभर मान मोडून काम करत होते, तीच माझ्या हातानं मुसळाला बांधायची.

"मोठीमाय, आनतो. पन बांधू नका," मी कसंबसं म्हटलं.

"काऊन?"

"त्याले त्रास होते."

"त्रास होते म्हनूनच तर ते ओरडते! ते ओरडलं का वरचा आयकते. तुह्या कालेजात एवढंही सांगतलं नाही का?"

बायका हसल्या. आई चुलीजवळून माझ्याकडे बघत होती. मला एकदम जाणवलं की मोठीमायचं म्हणणं नीट रचलेलं आहे. फक्त त्यातला एक दुवा मी स्वतः पाहिलेला आहे आणि तो तसा नाही.

"ओरडत नाही ना," मी म्हटलं. "धरल्यावर एखादवेळी किंचाळते, मंग गप्प. मी किती बेडूक धरले. अंगात भीती चढली का त्याचा आवाजच बंद होते. रक्ताचा थेंब काचेवर घेतला का ते भीती दिसते. भीती उतरली नाही तर ते बिमार पडते. पान्यासाठी ओरडाचं असन, तर ते निवांत पायजे. अन् ओरडते तो नर. मादी नाही ओरडत."

"अवो, मंग आमच्या घरी उलटं काऊन हाय?" मागून एक काकू म्हणाली, आणि हसण्याच्या त्या गडबडीत मला श्वास घ्यायला जरा वेळ मिळाला.

मोठीमाय हसली नाही. तिनं विचारलं, "मंग नेवाचं कसं?"

मी घमेल्यात चिखल आणि पाणी घातलं, वर पळसाची पानं टाकली. बोडीवरून, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यावरून, एक बेडूक आणून त्यात ठेवला. मोठीमायनं घमेलं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. मुसळ नुसतंच, पाला बांधून, पुढे गेलं. घरोघरी पाणी ओतलं गेलं, पण जपून, पानांवरून. बेडूक एकदाही ओरडला नाही. एका दारात कुणी म्हणालंही, "हे तर मुकं हाय!" माझा चेहरा उतरला. मोठीमाय मात्र पुढे चालत राहिली.

उन्हं उतरल्यावर तो बेडूक सोडायला मी बोडीवर गेले, तर ती मागोमाग आली. बेडूक पाण्यात शिरला आणि दिसेनासा झाला. मला वाटलं, ती परत जाईल. ती शेताच्या धुऱ्यावर बसली. मीही बसले. बऱ्याच वेळानं पलीकडच्या काठावरून एक बेडूक ओरडला, थांबला, पुन्हा ओरडला.

"तोच हाय का?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं, आणि मलाही.

"सांगता येत नाही, मोठीमाय. दुसराही असन."

"पाऊस येईन का मंग?"

"तेही नाही सांगता येत."

ती माझ्याकडे वळली. "ते रक्ताचं काच म्हनतेस, त्यात भीती दिसते म्हनतेस. मले दिसन का? चष्मा लावून?"

"दिसन. गोंदियाले चला माह्यासंग. मॅडमले विचारतो."

ती उठली, लुगडं झटकलं आणि चालायला लागली. पाऊस त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तो त्याच्या वेळेनं आला आणि आमचा रोवणा उशिरा का होईना पूर्ण झाला. त्याचं श्रेय कुणी बेडकाला दिलं, कुणी मोठीमायला. मला कुणी दिलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. कारण त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर ती आईला म्हणाली होती, "पोरगी अर्धंच शिकून आली वाटते. काहीही विचारा, सांगता येत नाही म्हनते. पुरं शिकू दे तिले."