शालनचं नाव मी सांगितलं

“तोंड उघड. अजून. आ कर.”

सरांची छडी माझ्या हनुवटीखाली होती. मी तेव्हा सहावीत, ढोकीजवळच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत. शहरातून दोन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. शाळेतली पोरं तंबाखू खातात का, याची पाहणी करायला. त्या वर्गात पोचायच्या आधीच सरांनी त्यांचं काम सोपं करून ठेवलं. “भीमनगरची पोरं तेवढी उभी ऱ्हावा.” आम्ही सात जण उभे राहिलो. बाकीच्या वर्गाला कुणी काही विचारलंच नाही.

माझे दात काळे होते. मिसरीनं. पाचवीत दाढ ठणकायला लागली तेव्हा तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड आईनं माझ्या बोटावर ठेवली. “चोळ, ठणका थांबंल.” ठणका थांबला, सवय राहिली. सकाळी दातांवरून बोट फिरवल्याशिवाय डोकं उतरायचं नाही. आमच्यात तिला कुणी व्यसन म्हणत नव्हतं. दात घासायचं ते.

“बघा मॅडम, यांच्यात हे असंच असतंय,” बाई आत येताच सर नाकाला रुमाल लावून म्हणाले. त्यांच्या शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती. ती टपरीवरून मीच आणून द्यायचे. त्यांचं तोंड कुणी तपासलं नाही. वर्ग फिदीफिदी हसला. डॉक्टरीणबाई खाली बघून लिहीत राहिल्या.

इथपर्यंत अपमान माझा होता. पुढचं मी केलं.

शालन खाली बसलेली होती. भीमनगरचीच, माझी जिवाभावाची मैत्रीण. पण तिचे वडील आमच्याच शाळेत शिपाई. म्हणून सरांनी तिला बसवलं होतं, “तू बस गं, तू नीट हायेस.” मला ते खुपलं. आमची सात तोंडं उघडी, आणि ती मान खाली घालून बसलेली. मी बोलून गेले, “सर, शालन बी लावती. आमी दोघी संगंच लावतो.”

मला कुणी विचारलं नव्हतं. कुणी मारलं नव्हतं. मी आपण होऊन सांगितलं.

सरांनी तिच्या वडिलांना हाक मारली. ते पाहुण्यांसाठी पाण्याचा जग घेऊन येतच होते. “बघ तुझ्या पोरीचं तोंड.” शालननं आ केला. वडिलांनी बघितलं. मग सरांपुढं हात जोडायला गेले, हातात जग होता, जमेना. “चुकलं सर,” एवढंच म्हणाले. पाणी त्यांच्या पायावर सांडलं. शालन रडली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. दोन वर्षांत लग्न. मग नवऱ्याबरोबर ऊसतोड. मागं एकदा धाराशिवच्या बस स्टँडवर दिसली. मी हाक मारली. तिनं वळून बघितलं, पदर तोंडावर घेतला आणि गर्दीत शिरली. बाई, शिव्या तरी द्यायच्या होत्यास. त्या झेलल्या असत्या मी.

मिसरी मी कॉलेजात सोडली. लई हाल झाले, पण सोडली. शालन सुटली नाही. जेवताना, दात घासताना, कुणी जांभई दिली तरी ती समोर उभी राहते. तेच वय, तोच आ.

मी समाजकार्य शिकले. आणि दैव बघा, नोकरी लागली ती तंबाखूच्याच संशोधनात. पंधरा ते चोवीस वयाची मुलं तंबाखू का धरतात, त्यांना झोप लागते का, जीव नकोसा वाटतो का, हे विचारत गावोगाव फिरायचं. फॉर्मवर नाव नसतं, नंबर असतो. कुठला नंबर कुणाचा, तो कागद वेगळा. तो माझ्या पिशवीत. प्रत्येकाला आधी वाचून दाखवायचं की तुझं नाव कुणालाही कळणार नाही, आणि वाटलं तर तुझा फॉर्म तुला परत मागता येईल.

यंदा मुरुमजवळच्या एका गावात ज्युनिअर कॉलेजात होते. अकरावीतली एक मुलगी समोर बसली. सगळ्याला “न्हाय, न्हाय” म्हणत होती. मी म्हटलं, “मिसरी? मी बी लावायचे.” तिनं पहिल्यांदा वर बघितलं. मग बोलली. मिसरी होती, वर गुटख्याची पुडी. आईबाप तोडीला, घरात ती आणि आजा. “छातीत धडधड व्हतीय मॅडम. पुडी खाल्ली की गप ऱ्हातंय. कुणाला सांगू नका.”

“न्हाय सांगणार.” हे मी रोजच म्हणते. त्या दिवशी म्हणताना पिशवी मांडीवर ओढून घेतली.

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. चहा मागवला. “मॅडम, कोण कोण खातंय त्यांची नावं द्या. पालकांना बोलावून घेतो.”

मी म्हटलं, नावं देता येत नाहीत.

ते हसले. “सगळ्यांची कोण मागतंय? वस्तीवरची अन् तांड्यावरची तेवढी द्या. बाकीची आपली घरची पोरं हायेत.” मग पुढं वाकून, “आडनाव काय म्हणालात?”

मी आडनाव सांगितलं. माझ्याकडं सरकत असलेला चहाचा कप तिथंच थांबला.

त्यांनी आमच्या प्रकल्पप्रमुख सरांना धाराशिवला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. सर म्हणाले, “देऊन टाका ना. त्यांच्या संस्थेची अजून कॉलेजं आहेत, परवानगी अडकेल. मुलांच्या भल्याचंच आहे.”

शालन खोलीत होती. प्राचार्यांच्या खुर्चीमागं, आ वासून. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, द्यावा कागद. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार मला?

“न्हाय देणार सर.”

“नोकरी करायची आहे ना तुम्हाला?”

“करायचीय. नावं न्हाय देणार.”

फोन टेबलावर ठेवला आणि थेट वर्गावर गेले. सगळ्यांना सांगितलं, “तुमच्या प्राचार्यांनी नावं मागितली. मी दिली नाहीत. ज्याला भरवसा वाटत नसेल त्यानं आपला फॉर्म परत न्यावा. तो तुमचा हक्क आहे.”

पहिले उठले ते प्राचार्यांनी “आपली घरची” म्हटलेल्यांतले दोन मुलगे. मग रांगच लागली. सकाळची मुलगी आली, फॉर्मची बारीक घडी करून मुठीत धरली आणि न बघता गेली. एकही फॉर्म माझ्याकडं उरला नाही. नावांचा कागद मी त्यांच्यासमोर फाडला.

तिच्या छातीतली धडधड तशीच आहे. तिच्यासाठी मी एवढंच केलं की तिला कुणाच्या हवाली केलं नाही. त्यानं शालन परत येत नाही. तिनं मला माफ केलेलं नाही, करूही नये.

आता ऑफिसनं माझ्याकडं खुलासा मागितलाय. संशोधनाचं नुकसान केलं म्हणून. मी तो लिहिला, आणि ऑफिसबरोबर संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीलाही पाठवला. मुलांची नावं मागितली गेली, मी दिली नाहीत, पुन्हा मागितली तरी देणार नाही. मागणाऱ्यांची नावं मात्र लिहिली आहेत. दोघांची. पूर्ण नाव, हुद्दा, आणि काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत. ही दोन नावं मी विचारतील तिथं सांगेन, आणि नाही विचारलं तरी सांगेन.